वाचणाऱ्याला ऐकणारा हवा

वर्गातल्या समूहवाचनाइतके फसवे दृश्य शाळेत दुसरे नाही. गुरुजी एक ओळ म्हणतात, मागून पस्तीस आवाज तीच ओळ म्हणतात, आणि व्हरांड्यातून जाणाऱ्या साहेबांना वाटते, वर्ग काय छान वाचतो! त्या पस्तिसांपैकी किती जणांनी ओळ डोळ्यांनी पाहिली आणि किती जणांनी ती नुसती कानांनी झेलली, हे गुरुजींनाही सांगता येणार नाही. मागच्या रांगेतल्या मुलीचे बोट भलत्याच ओळीवर असते, पण तोंडाने धडा बिनचूक चाललेला असतो. तो तिला पाठ आहे. पहिली-दुसरीचे पाठ्यपुस्तक इतके लहान असते, की चांगल्या स्मरणशक्तीचे मूल जेमतेम अक्षरओळखीवर त्यातले धडेच्या धडे म्हणून दाखवते. अशा मुलाचे पितळ तिसरीत, कधी चौथीत उघडे पडते. तोवर ‘याचे अभ्यासात लक्ष नाही’ असा शिक्काही बसून गेलेला असतो.

गणिताची वही घरी नेऊन तपासता येते. शुद्धलेखन तपासता येते. वाचन तपासायचे तर मुलाशेजारी बसून ऐकावे लागते, आणि एका वेळी एकाचेच ऐकता येते. वर्गात चाळीस मुले असतील आणि प्रत्येकाला पाच मिनिटे द्यायची म्हटली, तरी दोनशे मिनिटे झाली. मधली सुट्टी आणि परिपाठ वगळला तर शाळेचा बहुतेक दिवस त्यातच संपला. द्विशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-दोन इयत्ता बसतात, तिथे तर हा हिशेब मांडण्यातही अर्थ नाही. म्हणून शिकवायला शिक्षक आणि ऐकायला आणखी कोणीतरी, अशी वाटणी जगात बऱ्याच ठिकाणी करून पाहिली गेली. हे ‘आणखी कोणीतरी’ म्हणजे बहुधा पगार न घेणारी, शिक्षणशास्त्राची पदवी नसलेली, आठवड्यातून दोनदा शाळेत येऊन एका मुलाशेजारी अर्धा तास बसणारी माणसे. त्यांचा उपयोग होतो का, आणि होतो तेव्हा नेमका कशामुळे होतो, ते या प्रकरणात पाहू.

एकेकट्या मुलाचे ऐकले की काय दिसते, हे आपल्याकडे ‘असर’ पाहणीने दाखवले. मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन मुलांचे वाचन तपासले जाऊ लागले. साधन म्हणजे एक कागद. त्यावर काही सुटी अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटीशी गोष्ट. तपासणारा आधी परिच्छेद पुढे करतो. तो नीट वाचला तर गोष्ट देतो. मूल अडखळले तर शब्द, आणि तेही जमले नाहीत तर अक्षरे. पाचांपैकी चार शब्द बरोबर आले तर मूल शब्दांच्या पातळीवर आहे असे धरायचे. अध्यापक विद्यालयांतले विद्यार्थी, महाविद्यालयांतली मुले, स्थानिक संस्थांचे कार्यकर्ते असे स्वयंसेवक हे काम करतात. २०२४ च्या पाहणीत पाचवीतल्या ४८.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. निम्म्याहून जास्त मुलांना आली नाही. २०२२ मध्ये हा आकडा ४२.८ होता, आणि त्याआधी, शाळा बंद पडण्यापूर्वी, २०१८ मध्ये ५०.५ होता. कोविडवर सगळे खापर फोडू पाहणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा पुन्हा एकदा पाहावा.

मला या आकड्यांपेक्षा त्या कागदाचे मोल जास्त वाटते. तपासणी घराच्या ओट्यावर होते, तेव्हा बाजूला आई उभी असते, आजी असते, शेजारची दोन पोरे असतात. मुलगा रोज शाळेत जातो, दप्तर आहे, वह्या भरलेल्या आहेत, पण अनोळखी चार ओळी त्याला वाचता येत नाहीत, हे घरच्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळते. त्यासाठी आईला स्वतःला वाचता यावे लागत नाही. मूल कधी अडले आणि कधी सुटले, हे कोणालाही ऐकू येते.

आता हे ऐकण्याचे काम रोजचे कसे करायचे?

लंडनमध्ये १९७३ साली सुझन बेलग्रेव्ह यांनी ‘व्हॉलंटिअर रीडिंग हेल्प’ ही संस्था सुरू केली. तिची रीत साधी होती. एका स्वयंसेवकाकडे तीन मुले, प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास, सोबत पुस्तकांची आणि खेळांची एक पेटी. भेट शाळेतच, शाळेच्या वेळेतच. पुढे या संस्थेचे नाव ‘बीनस्टॉक’ झाले आणि आज ती ‘कोरम’ या मोठ्या संस्थेचा भाग आहे, पण तिची मूळ घडी फारशी बदललेली नाही.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या शार्लट्सव्हिल गावी १९९२ मध्ये ‘बुक बडीज’ सुरू झाले. त्यात मार्शा इन्व्हर्निझी आणि कॉनी ज्यूएल या अभ्यासक होत्या. इथे स्वयंसेवकाला मोकळे सोडलेले नव्हते. पाऊण तासाच्या भेटीचे चार भाग ठरलेले होते: आधी ओळखीचे पुस्तक पुन्हा वाचायचे, मग शब्दांचे आणि आवाजांचे काम, मग थोडे लिहिणे, आणि शेवटी एक नवे पुस्तक. प्रत्येक मुलासाठी त्या दिवशी काय करायचे याचे टाचण एक जाणकार समन्वयक तयार करून ठेवत असे. स्वयंसेवकाने यायचे, टाचण उचलायचे आणि मुलाशेजारी बसायचे. पुढे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातही हीच पद्धत वापरली गेली. तिथली मुले गरीब वस्तीतली होती, आणि तरीही पद्धत चालली.

याच्या उलट टोकाला ओरेगन राज्यातला ‘स्मार्ट’ हा उपक्रम. तिथे स्वयंसेवकाला एक-दोन तासांचे प्रशिक्षण मिळे, की लागला कामाला. मुलाबरोबर पुस्तक वाचा, त्याला वाचू द्या, गप्पा मारा, आणि महिन्याला दोन पुस्तके त्याला कायमची घरी न्यायला द्या, एवढेच. तज्ज्ञांना हे अर्थातच पसंत नव्हते. स्कॉट बेकर, रसेल गर्स्टन आणि थॉमस कीटिंग यांनी सहा शाळांतली, वाचनात मागे पडू शकतील अशी पहिलीची ८४ मुले घेतली आणि त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला आठवड्यातून दोनदा अर्धा तास स्वयंसेवक, दुसऱ्याला नेहमीची शाळा. हे दोन वर्षे चालले. दुसरीच्या शेवटी स्वयंसेवक लाभलेल्या गटाची मुले दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे चांगली वाचत होती. निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा इतक्या थोड्या प्रशिक्षणावर इतका फरक कसा पडला, याची बरीच चर्चा झाली. माझ्या मते त्याचे उत्तर त्या दोन वर्षांत आहे. एरवी वर्गात ज्याच्या वाट्याला आठवड्याकाठी दोन मिनिटांचे मोठ्याने वाचन येते, त्याला आठवड्याला एक तास मिळाला, आणि तो मध्येच बंद पडला नाही.

म्हणून कोणीही उठावे आणि शिकवू लागावे, असे मात्र नाही. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी दहा लाख वाचन-स्वयंसेवक उभे करण्याची घोषणा केली, तेव्हा बार्बरा वासिक यांनी तोवरच्या अशा उपक्रमांचा आढावा घेतला. त्यांच्या हाती लागलेली पहिली गोष्ट अशी, की उपक्रम पुष्कळ, पण ‘याने मूल खरोखर वाचायला लागले का’ हे नीट तपासलेले फार थोडे. जे तपासलेले आणि उपयोगी ठरलेले होते, त्यांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसत होत्या: वाचन कसे शिकवतात हे जाणणारा कोणीतरी पाठीशी असणे, भेटीचा साचा ठरलेला असणे, भेटी नियमित असणे, चांगली पुस्तके असणे, मधून मधून मुलाची तपासणी होणे आणि वर्गशिक्षकाशी मेळ असणे. पुढे तीन राज्यांतल्या १९ शाळांत ‘रीडिंग पार्टनर्स’ या संस्थेच्या कामाची मोठी चाचणी झाली. त्यात मुलांची प्रगती इतरांपेक्षा साधारण दीड-दोन महिने पुढे दिसली. फायदा माफक आहे. त्याला चमत्कार म्हणणाऱ्या देणगीपत्रकांवर विश्वास ठेवू नये, आणि ‘एवढ्याने काय होणार’ म्हणणाऱ्यांवरही नाही.

इथे एक इशारा देणे भाग आहे. मेरी क्ले या न्यूझीलंडच्या बाईंनी १९७० च्या दशकात ‘रीडिंग रिकव्हरी’ ही एकास एक शिकवण्याची पद्धत घडवली. त्यात स्वयंसेवक नसत, खास तयार केलेले शिक्षक रोज अर्धा तास एका मुलाला देत. पद्धत जगभर गेली, सुरुवातीचे निकालही उत्तम आले. मात्र अमेरिकेत हेन्री मे आणि सहकाऱ्यांनी याच मुलांचा पुढच्या इयत्तांत माग काढला, तेव्हा २०२२ मध्ये समोर आले की तिसरी-चौथीत ही मुले तशाच इतर मुलांच्या मागे पडली होती. कारणांवर वाद आहे. टीकाकारांचा मुख्य आक्षेप असा, की या पद्धतीत मुलाला शब्द अडला की चित्राकडे पाहा, वाक्यात काय बसेल ते ताडून पाहा, अशी सवय लागते. पहिलीच्या पुस्तकात ताडून भागते. पुढे चित्रे जातात आणि शब्द वाढतात, मग अंदाज चालत नाही.

शेजारी बसणाऱ्याने नक्की काय करावे, यावर मला सर्वांत उपयोगी वाटलेले काम न्यूझीलंडमध्येच झालेले आहे, पण ते वेगळ्या लोकांनी केलेले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ऑकलंडच्या दक्षिणेकडील मांगेरे या उपनगरात स्टुअर्ट मॅकनॉटन, टेड ग्लिन आणि व्हिव्हियन रॉबिन्सन यांनी वाचनात मागे पडलेल्या मुलांच्या आईवडिलांना घरी वाचन घ्यायला शिकवले. त्यांनी आधी नुसते ऐकले. मूल चुकले की मोठी माणसे तत्क्षणी बरोबर शब्द सांगून टाकत. प्रेमानेच सांगत. परिणाम असा, की मुलाला स्वतःची चूक पकडायची संधीच मिळत नसे, आणि अडले की मान वर करून आईकडे पाहायची सवय लागे. यातून जी पद्धत निघाली तिची तीन पावले आहेत: थांबा, सुचवा, शाबासकी द्या. मूल अडले तर पाच सेकंद काही बोलायचे नाही. चुकीचे वाचले तर वाक्य संपेपर्यंत थांबायचे. मग उत्तर न देता खूण द्यायची, दोनदा खूण देऊनही जमले नाही तर शब्द सांगून टाकायचा आणि पुढे जायचे. शाबासकी द्यायची ती कशाबद्दल, हे बोलून दाखवायचे: ‘तू स्वतःच परत जाऊन दुरुस्त केलेस, हे छान केलेस.’

पाच सेकंद म्हणजे काय, हे घड्याळ लावून पाहा. मोठ्या माणसाला तो काळ असह्य वाटतो. शिकवण्याची हौस असलेल्याला तर फारच.

आता मराठीकडे येऊ, कारण वरचे बहुतेक संशोधन इंग्रजी वाचणाऱ्या मुलांवर झालेले आहे आणि आपल्या मुलांच्या अडचणी वेगळ्या आहेत. देवनागरीत जसे लिहिले तसे वाचायचे, म्हणून मराठी वाचायला सोपी, असे आपण अभिमानाने सांगतो. सहा वर्षांच्या मुलाला हे सांगून पाहावे. मराठीची ३४ व्यंजने धरली आणि प्रत्येकाची बाराखडी केली, तर ४०८ अक्षरे होतात. स्वर वेगळे, जोडाक्षरे आणखी वेगळी. शेजारच्या कन्नडमध्ये सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात असे दिसले, की इंग्रजी मुले पहिल्या वर्षात सगळी अक्षरे ओळखतात, तर कन्नड मुलांचा अक्षरसंच चौथ्या इयत्तेपर्यंतही पूर्ण होत नाही. लिपी अवघड आहे असा याचा अर्थ नाही. ती मोठी आहे, आणि तिला वेळ द्यावा लागतो.

शेजारी बसणाऱ्याला अडचणींची ठिकाणे माहीत असली तर निम्मे काम होते. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, प आणि ष या जोड्यांत फरक एवढासा असतो, आणि मूल दमले की आधी इथेच घसरते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात आणि नंतर उच्चारतात, त्यामुळे डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे जाणारे मूल ‘किती’ या शब्दाच्या पहिल्याच काठीवर थबकते. ‘र’ची तऱ्हा तर वेगळीच: ‘चक्र’मध्ये तो पायाशी तिरपी रेघ होतो, ‘सूर्य’मध्ये पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो आणि तरी आधी उच्चारला जातो, ‘राष्ट्र’मध्ये खाली काकपद होतो आणि ‘दऱ्या’मध्ये आणखी चौथेच रूप घेतो. हे चार र एकच आहेत हे कुणीतरी एकदा सावकाश दाखवावे लागते. चाळिसांच्या वर्गात ते दाखवले जाते तेव्हा ज्याला हवे असते तोच नेमका खिडकीबाहेर पाहत असतो.

त्याहून मोठी पायरी अक्षरांवरून शब्दावर येण्याची. मूल ‘क, र, तो’ असे तिन्ही नीट म्हणते आणि तरी त्याला ‘करतो’ सापडत नाही, कारण आपण बोलताना तो मधला ‘र’ अर्धाच म्हणतो. ‘घ’ आणि ‘र’ वेगळे ओळखणाऱ्या मुलाला ‘घर’ ऐकू येईलच असे नाही. इथे खूण द्यायची ती अशी: ‘आता भरभर म्हणून पाहा. असा शब्द तू कधी ऐकलास का?’ इथे शब्दाचा आकार पाहून अंदाज करण्यात लाभ नाही. अक्षरेच सगळे सांगतात, म्हणून मुलाची नजर पुन्हा अक्षरांकडे वळवणे हीच मराठीतली उत्तम खूण. वाक्याच्या अर्थाचा उपयोग नंतर, वाचलेले बरोबर वाटते का हे पडताळायला.

आणि काही ‘चुका’ दुरुस्त करायच्याच नसतात. ‘पाणी’ या शब्दावर बोट ठेवून मुलगी ‘पानी’ म्हणाली, तर तिने तो शब्द वाचला. तिच्या घरी पाण्याला पानीच म्हणतात. तिथे तिला अडवून ‘ण, ण’ करणारा स्वयंसेवक वाचन शिकवत नाही, प्रमाणभाषेचा तपासनाका चालवतो. पुण्या-मुंबईच्या स्वयंसेवकांत हा दोष विशेष आढळतो. आपण स्वतः ‘आमचा’मधला च आणि ‘आमची’मधला च निरनिराळे उच्चारतो आणि ते कधी लक्षातही आलेले नसते. मग सहा वर्षांच्या मुलीच्या ‘न’वर एवढा जीव का काढावा?

या दोन्ही बाजू, लिपी आणि बोली, एकत्र सांभाळणारे काम फलटणला झाले. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ. फलटणच्या बोलण्यातल्या भेदांवर त्यांनी पीएच.डी. केली आणि तिथेच राहिल्या. १९७८ पासून दलित वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवता शिकवता त्यांची रीत तयार झाली. आपल्याकडे आकाराने जवळ म्हणून ‘ग म भ न’पासून सुरुवात करायची, मग सगळी मुळाक्षरे, मग बाराखडी, मग शब्द, असा क्रम चालत आलेला आहे. त्यात मुलाला अर्थ असलेला शब्द भेटायला महिनोन्‌महिने जातात. बर्नसन यांनी अक्षरांचे छोटे समूह पाडले आणि प्रत्येक समूहात थोडी व्यंजने व थोड्या स्वरखुणा एकत्र ठेवल्या, म्हणजे पहिल्याच आठवड्यांत मुलाला खरे शब्द वाचता येतात. पालघरच्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी पहिली ते तिसरीच्या मुलांचा माग घेतला, तेव्हा नेहमीच्या शाळांत याच्या उलट चित्र दिसले: वर्गातला बराच वेळ फळ्यावरचे उतरवून घेण्यात जातो आणि वाचायला मिळते ते फार थोडे. स्वयंसेवकाने हे ध्यानात ठेवावे. मुलाला आणखी एक बाराखडी लिहायला लावण्यासाठी तुमची गरज नाही. ते काम शाळा भरपूर करते.

स्वयंसेवक मिळतात कुठे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ मध्ये झालेला प्रयोग त्यावर प्रकाश टाकतो. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रथम’बरोबर २८० गावे घेतली. काही गावांत सभा घेऊन ग्रामशिक्षण समितीचे अधिकार लोकांना समजावून सांगितले. काही गावांत त्याशिवाय लोकांनाच मुलांचे वाचन तपासायला शिकवले. काही गावांत त्याही पुढे जाऊन तरुणांना चार दिवसांचे प्रशिक्षण दिले आणि शाळेबाहेर वाचनवर्ग घ्यायला सांगितले. उरलेल्या गावांत काहीच केले नाही. सभांनी काही झाले नाही. तपासणीनेही शाळा हलली नाही. तिसऱ्या प्रकारच्या गावांत मात्र शेकडो तरुण विनामोबदला पुढे आले. सुरुवातीला काहीच वाचता न येणारी जी मुले वर्गाला आली, त्यांच्यात अक्षरे ओळखू लागणाऱ्यांचे प्रमाण तशाच इतर मुलांपेक्षा शंभरामागे साठाने वाढले.

हे वर्ग गटाचे होते, एकास एक नव्हते, हे खरे. पण मूल कुठल्या पायरीवर आहे हे आधी एकेकट्याचे ऐकून ठरवले जाई, आणि तिथूनच सुरुवात होई. या प्रयोगातला कमी सांगितला जाणारा भाग असा, की त्या गावांतल्या शंभर मुलांपैकी दहाही या वर्गांना आली नाहीत. संध्याकाळी, शाळेबाहेर, ऐच्छिक असे काही ठेवले की ज्यांना सर्वांत गरज असते ती मुले गुरे, भावंडे किंवा पाणी यांत अडकलेली असतात. लंडन-ओरेगनच्या लोकांनी भेट शाळेच्या वेळेत ठेवली, यात मोठे शहाणपण होते.

आपल्याकडे सहज मिळतील असे स्वयंसेवक म्हणजे निवृत्त माणसे. अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘एक्सपिरिअन्स कोअर’ या उपक्रमाने ज्येष्ठ लोकांना प्राथमिक शाळांत नेले. बाल्टिमोरमध्ये तर याचा त्या ज्येष्ठांच्याच प्रकृतीवर काय परिणाम होतो, यावर लिंडा फ्रीड यांनी संशोधन उभारले. निवृत्तांकडे वेळ असतो, धीर असतो, आवाज स्वच्छ असतो. अडचण एकच: चाळीस वर्षे दुसऱ्यांना सूचना दिलेल्या माणसाला पाच सेकंद गप्प बसणे जड जाते. त्याचा सराव आधी घरी, नातवावर करावा.

काही व्यवहाराच्या गोष्टी. भेट उघड्यावर, व्हरांड्यात किंवा वर्गाच्या कोपऱ्यात, सर्वांना दिसेल अशा जागी व्हावी. एकास एक याचा अर्थ बंद खोली असा कधीही नाही, आणि ज्या संस्थेला हे सांगावे लागते तिच्याकडे जाऊ नये. पुस्तक असे निवडावे की दहा शब्दांत एखाददुसराच अडेल. त्याहून जास्त अडू लागले तर खालच्या पातळीचे घ्यावे, मग मूल कितवीतही असो. मराठीत अशी पुस्तके आता मिळतात: माधुरी पुरंदरे यांची आहेत, ‘प्रथम बुक्स’ची आहेत, आणि त्यांच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर पातळी लावलेल्या मराठी गोष्टी फुकट वाचता व छापता येतात. पाठ्यपुस्तक टाळावे. ते पाठ असण्याचा धोका सुरुवातीलाच सांगितला आहे. महिन्यातून एकदा अनोळखी परिच्छेद वाचून घ्यावा आणि कुठे अडले ते वहीत टिपून वर्गशिक्षकांना दाखवावे. शिक्षकांना डावलून केलेले असे काम फार टिकत नाही, आणि टिकूही नये.

तुम्हाला हे करावेसे वाटत असेल तर जवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा पालिकेच्या शाळेत जा, मुख्याध्यापकांना भेटा आणि दुसरी-तिसरीतली, वाचनात अडलेली दोन मुले मागा. दोनच. आठवड्याचे दोन वार ठरवा आणि ते मार्चपर्यंत मोडू नका. लग्नसराई, गावाला जाणे, मुलीचे बाळंतपण हे सगळे आधी कॅलेंडरात पाहून घ्या. मूल त्या दिवशी वाट पाहते आणि दोनदा फसले की तिसऱ्यांदा पाहत नाही. एवढी हमी देता येत नसेल, तर शाळेला पुस्तके देणगी द्या. तीही हवीच आहेत.